रिंगमधला घोडा आणि छोटा स्वार तयार होतात तरी कसे? सारंगखेड्यापासून एशियाडपर्यंत सगळं समजून घ्या

मार्गशीर्ष लागला की मोबाइलवर एक रील हमखास येतं. पांढराशुभ्र घोडा, पायात घुंगरू, समोर ढोल आणि घोडा जागच्या जागी पाय उचलून ताल धरतोय. खाली लिहिलेलं असतं, 'किंमत ऐकून थक्क व्हाल'. बहुतेक वेळा हे रील नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याच्या घोडेबाजाराचं असतं.

सप्टेंबर २०२३ मध्ये आणखी एक व्हिडिओ असाच फिरला. चीनमधल्या हांगझोऊ एशियाडमध्ये काळा कोट आणि हेल्मेट घातलेले चार तरुण भारतीय स्वार गळ्यात सुवर्णपदक घालून उभे होते. त्यातला एक मुंबईचा होता.

दोन्हीकडे घोडा माणसाच्या इशाऱ्यावर चालतो, वळतो, थांबतो. दोन्हीकडे पंच असतात आणि गर्दी असते. मग फरक काय? घोड्याला हे शिकवतात कसं? लहान मुलांना त्यावर बसायला कधी आणि कसं शिकवायचं? आणि बुलढाण्यासारख्या जिल्ह्यातल्या पोराला यात शिरायचं असेल तर वाट कुठून आहे?

रिंग म्हणजे नेमकी कुठली?

'हॉर्स शो' असा एकच शब्द वापरला जातो, पण त्यात बरेच वेगवेगळे खेळ येतात.

पहिला ड्रेसाज. हा फ्रेंच शब्द आहे आणि त्याचा अर्थच 'प्रशिक्षण' असा होतो. ६० मीटर लांब आणि २० मीटर रुंद आखाड्याच्या कडेला इंग्रजी अक्षरं लावलेली असतात. कुठल्या अक्षरापाशी वळायचं, कुठे चाल बदलायची, कुठे थांबायचं हे आधीच ठरलेलं असतं. प्रत्येक हालचालीला ० ते १० गुण मिळतात आणि शेवटी टक्केवारी निघते.

दुसरा शो जंपिंग. ठरलेल्या क्रमाने अडथळ्यांवरून उड्या मारायच्या. दांडी पडली की ४ दंडगुण. घोडा अडथळ्यासमोर अडला की पुन्हा ४, दुसऱ्यांदा अडला की बाद. स्वार पडला तरी बाद.

तिसरा इव्हेंटिंग. यात ड्रेसाज, मोकळ्या रानातली क्रॉस कंट्री आणि जंपिंग हे तिन्ही प्रकार एकाच घोड्याने करायचे असतात. चौथा प्रकार आपल्या लष्कराचा आवडता, टेंट पेगिंग. भरधाव घोड्यावरून जमिनीत ठोकलेली मेख भाल्याने उचलायची.

याशिवाय आपल्याकडच्या बाजारांमधल्या रिंग आहेत. सारंगखेड्याला सौंदर्य, चाल आणि नृत्याच्या स्पर्धा होतात. आणि महाराष्ट्रातलं सगळ्यात जास्त पाहिलं जाणारं रिंगण तर स्पर्धाच नाही. ते वारीतलं. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखी सोहळ्यात अंकलीच्या शितोळे सरकारांचे दोन अश्व असतात. एकावर स्वार असतो, दुसऱ्यावर कुणी बसत नाही, तो माउलींचा. लाखोंच्या गर्दीत, टाळ-मृदंगाच्या गजरात हे अश्व न बिथरता गोल धावतात. त्या पाच-दहा मिनिटांमागे किती सराव असेल, याचा विचार क्वचितच होतो.

महाराष्ट्रात घोडे येतात कुठून?

सारंगखेडा हे शहादा तालुक्यातलं तापीकाठचं गाव. इथे एकमुखी दत्ताचं मंदिर आहे आणि दत्त जयंतीला यात्रा भरते. घोडेबाजार हा या यात्रेचाच भाग. राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेशातून व्यापारी घोडे घेऊन येतात. गेल्या काही वर्षांत त्याला चेतक फेस्टिव्हलचं रूप आलं आणि पर्यटकही वाढले.

नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यात माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. तिथेही घोडे, गाढवं, उंट यांचा मोठा बाजार असतो. सोलापूर जिल्ह्यातलं अकलूजही घोडेबाजारासाठी ओळखलं जातं.

या बाजारांत दोन जाती जास्त दिसतात. मारवाडी आणि काठियावाडी. दोघांचे कान आतल्या बाजूला वळलेले असतात, टोकं एकमेकांना टेकतात. महाराष्ट्राची स्वतःची जात म्हणजे भीमथडी. मराठ्यांच्या घोडदळाचा कणा असलेलं हे काटक तट्टू भीमेच्या खोऱ्यातलं. राज्यगीतातही त्याचा उल्लेख आहे. मधल्या काळात ते जवळपास विस्मरणात गेलं होतं. अलीकडच्या वर्षांत कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने त्याला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली. मेंढपाळांच्या भटकंतीत संसार वाहणारी तट्टं हीच बऱ्याच अंशी या जातीची उरलेली बीजं आहेत.

बाजारात घोडा पारखतात कसा?

जुने व्यापारी आधी रंग आणि खुणा बघतात. नुकरा म्हणजे पांढरा, अबलख म्हणजे दोनरंगी, पंचकल्याण म्हणजे चारही पाय आणि तोंडावर पांढरं असलेला. अंगावरचे भोवरे मोजतात. देवमण नावाचा भोवरा शुभ मानतात आणि त्यावर किंमत वाढते. काही भोवरे अशुभ मानतात आणि त्यामुळे चांगल्या घोड्याचीही किंमत पडते.

रिंगमध्ये उतरवायचा घोडा घ्यायचा असेल तर भोवऱ्यांचा काही उपयोग नाही. तिथे बघायचे ते पाय, खूर, पाठ, दात आणि स्वभाव.

दातांवरून वय कळतं. साधारण अडीच वर्षांनी समोरच्या दुधाच्या दातांची पहिली जोडी पडून पक्के दात येतात. साडेतीनला दुसरी, साडेचारला तिसरी. पाच वर्षांच्या आसपास तोंड पूर्ण होतं. बाजारातल्या स्पर्धांमध्ये 'अदंत' आणि 'दोन दात' असे गट असतात ते यामुळेच.

चाल बघताना घोडा सरळ रेषेत चालवून, मग दुडकी पळवून बघतात. दुडकीत डोकं प्रत्येक पावलाला वर-खाली झटकत असेल तर पुढच्या पायात दुखणं असण्याची शक्यता मोठी. घोडा कडक जमिनीवरही पळवून बघायला सांगावं, कारण मऊ मातीत लंगडणं लपतं.

अजून एक गोष्ट ग्लँडर्सची. हा घोड्यांचा संसर्गजन्य रोग माणसालाही होऊ शकतो. हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडून रक्ततपासणी होते आणि बाधित घोड्याला कायद्यानुसार दयामरण द्यावं लागतं. घोडा विकत घेण्याआधी तपासणीचा अहवाल मागणं हा संशय नव्हे, शहाणपण आहे.

राहिला प्रश्न रीलमधल्या कोटींच्या आकड्यांचा. बाजारात सांगितली जाणारी रक्कम आणि प्रत्यक्ष व्यवहार यांत अंतर असतं. अनेक नावाजलेले घोडे विकायला आलेलेच नसतात. मालक प्रतिष्ठेसाठी आणि वळूचं नाव व्हावं म्हणून त्यांना घेऊन येतात.

शिंगरू ते रिंग: किती वर्षं लागतात?

पहिलं वर्ष: शिंगराला माणसाची सवय करायची. अंगावर हात फिरवणं, खरारा करणं, चारही पाय एकेक करून उचलून खूर साफ करणं, तोंडात दावं घालून शेजारी चालवणं. हे नीट झालं तर पुढे नालबंद आणि डॉक्टर दोघांचंही काम सोपं होतं.

दुसरं-तिसरं वर्ष: जमिनीवरचं काम. लांब दोरीवर घोड्याला गोल फिरवतात, त्याला लाँजिंग म्हणतात. 'चल', 'थांब', दुडकी, धाव हे शब्दावर शिकवतात. मग लगाम, मग पाठीवर नुसतं कापड, मग खोगीर, मग तंग थोडा थोडा आवळत जायचा.

तीन ते चार वर्षं: पाठीवर माणूस. आधी आडवं ओणवून वजनाची सवय, मग हलका स्वार, तोही थोडाच वेळ. या कामाला पूर्वी खास माणूस असे, त्याला चाबुकस्वार म्हणत. नावात चाबूक असला तरी नाणावलेल्या चाबुकस्वाराची ओळख हात हलका असण्याची होती.

चार वर्षांपुढे: खरं शिक्षण. आणि ते संपत नाही.

घाई का करू नये? घोड्याच्या हाडांची वाढ खालून वर पूर्ण होत जाते. पायाची खालची हाडं लवकर पक्की होतात, पाठीचे मणके सगळ्यात शेवटी, पाच वर्षं उलटल्यावर. दोन वर्षांच्या घोड्यावर मोठा माणूस बसवून नाचवला तर तो वेळेआधी म्हातारा होतो. ऑलिंपिकच्या ड्रेसाजमध्ये घोडा किमान ८ वर्षांचा आणि जंपिंगमध्ये किमान ९ वर्षांचा असावा, असा नियमच आहे.

जर्मन प्रशिक्षणपद्धतीत सहा पायऱ्या सांगितल्या जातात आणि जगभर त्या मानल्या जातात. ताल, सैलपणा, लगामाशी संपर्क, जोर, सरळपणा आणि शेवटी अंग गोळा करणं, म्हणजे मागच्या पायांवर वजन घेऊन पुढचा भाग हलका करणं. क्रम महत्त्वाचा आहे. ताल नाही, अंग ताठ आहे आणि तरी लगाम खेचून मान वाकवली, तर घोडा फोटोत सुंदर दिसतो. पण पाठ मात्र दुखावते.

घोडा शिकतो कसा?

घोडा हा शिकार होणारा प्राणी आहे. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे त्याला जवळपास सगळीकडचं दिसतं. फक्त नाकासमोरचा थोडा भाग आणि शेपटीमागचा भाग दिसत नाही. म्हणून मागून न बोलता गेलं की लाथ बसते. ती खोडी नसते, भीती असते.

त्याला शिकवण्याची मूळ रीत साधी आहे. थोडा दाब द्यायचा आणि हवं ते केलं की त्याच क्षणी दाब काढायचा. पोटरीने हलकं दाबलं, घोडा पुढे निघाला, पाय लगेच सैल. लगाम धरला, घोडा थांबला, हात लगेच सैल. घोडा दाबातून शिकत नाही, दाब सुटण्यातून शिकतो. सोडायला दोन सेकंद उशीर झाला तर त्याने मधे जे काही केलं असेल तेच बरोबर, असं तो समजतो. 'घोडा हट्टी आहे' अशा बऱ्याच तक्रारींचं मूळ स्वाराच्या उशिरा सुटणाऱ्या हातात असतं.

याच्या जोडीला शाबासकी. मानेच्या मुळाशी खाजवणं घोड्यांना आवडतं, कारण ते एकमेकांना तसंच खाजवतात. जोरजोरात थोपटण्यापेक्षा ते जास्त उपयोगी पडतं.

घोडा आपली अस्वस्थता अंगाने सांगतो. कान मागे चिकटवणं, शेपटी सारखी फटकारणं, तोंड उघडं ठेवणं, दात खाणं, डोळ्यातलं पांढरं दिसणं. हे वाचता आलं की कुठलंही रील बघताना घोडा खुशीत आहे की घाबरलेला आहे, ते आपलं आपल्याला कळतं.

सारंगखेड्याचा नाच आणि ऑलिंपिकचा नाच

ड्रेसाजच्या सगळ्यात वरच्या पातळीवर 'पियाफ' नावाची हालचाल असते. घोडा जागच्या जागी, तालात, दुडकीचे पाय उचलतो. आपल्याकडचा नाचरा घोडा जे करतो ते दिसायला याच्या जवळचं आहे. म्हणजे आपल्या गावोगावच्या शिकवणाऱ्यांकडे जे आहे, ते कमी दर्जाचं अजिबात नाही. काठियावाडी-मारवाडी घोड्यांची पाय उचलायची नैसर्गिक ढबही याला पोषक आहे.

प्रश्न येतो तो रीतीचा. हळूहळू, मागच्या पायांत ताकद आणून, शाबासकी देऊन हे शिकवता येतं. त्याला वर्षं लागतात. आणि दुसरी एक जवळची वाट आहे. घोड्याला दोन खांबांत बांधायचं, काटेरी लगाम तोंडात घालायचा आणि पायांवर काठी मारत राहायचं. मार चुकवायला घोडा पाय उचलतो. लोकांना तो नाच वाटतो.

काटेरी लगाम हा नुसता क्रूरपणा नाही, तो गुन्हा आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा. त्याखालच्या १९६५ च्या नियमांनुसार स्वारीसाठी किंवा हाकण्यासाठी काटे, टोकं असलेला लगाम आणि साज वापरायला मनाई आहे. खेळ दाखवण्यासाठी प्राणी वापरायचा असेल तर २००१ च्या नियमांनुसार भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते.

हा प्रश्न फक्त आपल्या गावाकडचा आहे असंही नाही. ब्रिटनची शार्लट डुजार्डिन ही सहा ऑलिंपिक पदकं जिंकलेली ड्रेसाज स्वार. जुलै २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकच्या तोंडावर तिचा जुना व्हिडिओ बाहेर आला. शिकवणीच्या वेळी ती जमिनीवर उभी राहून विद्यार्थिनीच्या घोड्याच्या पायांवर चाबूक मारत होती. तिला स्पर्धेतून माघार घ्यावी लागली. आंतरराष्ट्रीय घोडेस्वारी महासंघाने तिच्यावर एक वर्षाची बंदी घातली आणि १० हजार स्विस फ्रँकचा दंडही केला.

ग्रीक लेखक झेनोफन याने ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात घोडेस्वारीवर ग्रंथ लिहिला. जबरदस्तीने करून घेतलेल्या हालचालीत सौंदर्य नसतं, हा विचार त्यात आहे. म्हणजे हा वाद किमान २३०० वर्षं जुना आहे.

हांगझोऊत नेमकं काय झालं?

२६ सप्टेंबर २०२३ ला सांघिक ड्रेसाजमध्ये भारताने सुवर्ण जिंकलं. संघात चौघे होते. इंदूरची सुदिप्ती हजेला, जयपूरची दिव्यकृती सिंग, मुंबईचा हृदय छेडा आणि कोलकात्याचा अनुष अगरवाला. पहिल्या तिघांचे गुण धरतात. अनुषचे ७१.०८८, हृदयचे ६९.९४१ आणि दिव्यकृतीचे ६८.१७६ मिळून २०९.२०५ झाले. १९८२ च्या दिल्ली एशियाडनंतर घोडेस्वारीतलं भारताचं हे पहिलं सुवर्ण. म्हणजे ४१ वर्षांनी.

घोडेस्वारीत मुलं-मुली एकाच गटात, एकमेकांविरुद्ध खेळतात, हेही या संघात दिसलं.

याच स्पर्धेतली दुसरी घटना कमी सांगितली जाते. वैयक्तिक प्रकारात पुढे असलेल्या हृदयच्या घोड्याच्या पायाला अंतिम फेरीत रक्त दिसलं आणि त्याला बाद केलं गेलं. कुणी मारलं नव्हतं, जखम कशीही झालेली असो. रक्त दिसलं की खेळ थांबतो, हा नियम. अनुषला वैयक्तिक कांस्य मिळालं. पुढे २०२४ मध्ये तो ऑलिंपिक ड्रेसाजमध्ये उतरणारा पहिला भारतीय ठरला.

या चौघांनी अनेक वर्षं युरोपात राहून सराव केला होता. त्यांचे घोडेही तिथलेच. कारण फक्त चांगले प्रशिक्षक हे नाही. घोड्यांच्या रोगांमुळे भारतातून घोडा परदेशी स्पर्धेला नेणं जवळपास अशक्य होतं. २०२५ मध्ये मेरठच्या लष्करी रिमाउंट व्हेटर्नरी कोअर केंद्राला जागतिक पशुआरोग्य संघटनेने घोड्यांसाठी रोगमुक्त क्षेत्र म्हणून मान्यता दिली. त्यामुळे भारतात तयार झालेला घोडा बाहेर जाण्याची वाट आता खुली झाली आहे.

लहान मुलांना कसं शिकवतात?

चांगल्या ठिकाणी मूल पहिल्याच दिवशी घोड्यावर बसून पळत नाही. आधी तबेल्यात काम. घोड्याजवळ खांद्याच्या बाजूने, बोलत जायचं. खरारा करायचा. खूर साफ करायचे. खोगीर घालायला शिकायचं. यात मुलाची भीती जाते आणि घोडा म्हणजे यंत्र नाही हेही कळतं.

मग लाँजवर बसणं. दोरी प्रशिक्षकाच्या हातात, मुलाच्या हातात लगामच नाही. त्यामुळे मूल तोल सांभाळायला लगामाला लटकत नाही. आपल्याकडे ज्याला पक्की मांड म्हणतात ती इथे तयार होते. हात आडवे पसरून बसणं, रिकिबीतून पाय काढून बसणं, दुडकीच्या तालावर उठबस करणं. हे कंटाळवाणं वाटतं, पण नंतर पडण्याचे प्रसंग यामुळेच कमी होतात.

प्रशिक्षकाच्या तोंडी सतत असणाऱ्या सूचना चारच असतात. नजर समोर, खांदे मोकळे, टाच खाली, श्वास सुरू. मूल घाबरलं की श्वास रोखतं, मांड्या आवळतं, आणि घोडा ते ताबडतोब ओळखतो.

पडणं या खेळात आहेच. म्हणून पडलं तर लगाम सोडायचा, घोड्यापासून दूर लोळायचं, हेही शिकवतात. डोक्याला मार लागला तर त्या दिवशी पुन्हा घोड्यावर बसायचं नाही. 'पडलास तर लगेच चढ, नाहीतर भीती बसेल' हा जुना सल्ला डोक्याच्या मारासाठी लागू होत नाही. चक्कर, उलटी, गोंधळ दिसला तर थेट डॉक्टर.

आंतरराष्ट्रीय पातळीवर १२ ते १४ वर्षं 'चिल्ड्रन', १४ ते १८ 'ज्युनिअर' आणि १६ ते २१ 'यंग रायडर' असे गट आहेत. भारतात इक्वेस्ट्रियन फेडरेशन ऑफ इंडिया ज्युनिअर राष्ट्रीय स्पर्धा घेते. लहान वयात पदकापेक्षा वेगवेगळ्या स्वभावाच्या घोड्यांवर बसायला मिळणं जास्त मोलाचं असतं.

पालकांनी क्लास लावण्याआधी काय बघावं?

- हेल्मेट हनुवटीच्या पट्ट्याचं आणि मापाचं आहे का? क्रिकेटचं किंवा सायकलचं हेल्मेट चालत नाही. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट पुन्हा वापरू नये.
- बुटाला थोडी टाच आहे का? चप्पल किंवा सपाट बूट रिकिबीत अडकतो आणि पडलेलं मूल फरफटत जातं.
- नवशिक्यांना शांत, वयस्क घोडा देतात की जो रिकामा असेल तो?
- घोड्याच्या पाठीवर, तोंडाच्या कोपऱ्यात, पोटाला तंगाच्या जागी जखमा आहेत का? असतील तर तिथून परत या.
- घोड्यांसमोर पाणी आणि चारा आहे का? सावली आहे का?
- एक घोडा दिवसात किती तास चालतो? उत्तर टाळलं तर तेही उत्तरच आहे.
- प्रशिक्षक मुलांवर ओरडतो का? जो मुलांशी घाईने वागतो तो घोड्यांशीही तसाच वागतो.
- स्वार आणि खोगीर मिळून वजन घोड्याच्या वजनाच्या पाचव्या भागापेक्षा जास्त नसावं, असा एक ढोबळ अंदाज वापरतात. लहान तट्टावर जाडजूड माणूस बसताना दिसला तर हा हिशोब आठवा.

हिवरा आश्रममधल्या मुलाने काय करायचं?

बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहकर तालुक्यातलं हिवरा आश्रम हे विवेकानंद आश्रमाचं गाव. शुकदास महाराजांनी उभारलेल्या या आश्रमाच्या शिक्षणसंस्था आणि विवेकानंद जयंतीचा महाप्रसाद यांमुळे ते विदर्भ-मराठवाड्यात ओळखलं जातं. अशा गावांत घोडा दिसतो तो मुख्यतः नवरदेवाच्या वरातीत. ड्रेसाजचा आखाडा आसपास नाही.

राज्यातली मोठी केंद्रं मुंबई-पुण्याकडे आहेत. महालक्ष्मी रेसकोर्सवरचा अमॅच्युअर रायडर्स क्लब जुना. याच क्लबमधून पुढे आलेला इम्तियाज अनीस २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये इव्हेंटिंगला उतरला होता. पुण्याजवळ तळेगाव भागात जपालूप हे केंद्र आहे. खर्च हा मोठा अडसर, कारण घोडा वापरा न वापरा, त्याचा चारा, मोतद्दार, नालबंद आणि औषध थांबत नाही.

पण काही वाटा खिशाला परवडणाऱ्या आहेत.

पहिली एनसीसी. तिच्यात रिमाउंट अँड व्हेटर्नरी म्हणजे घोडदळ-पशुवैद्यकीय शाखा असते. नागपूरला पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या आधाराने असं पथक चालतं. समृद्धी महामार्ग मेहकरजवळून जात असल्याने नागपूर पूर्वीइतकं लांब राहिलेलं नाही. पशुवैद्यकीय पदवीला जाणाऱ्या मुलामुलींसाठी ही वाट सगळ्यात सरळ.

दुसरी सैनिकी शाळा. डॉ. बा. शि. मुंजे यांनी १९३७ मध्ये स्थापन केलेल्या नाशिकच्या भोसला मिलिटरी स्कूलमध्ये घोडेस्वारी शिकवली जाते.

तिसरी लष्कर. १९८२ च्या एशियाडमध्ये इव्हेंटिंगचं सुवर्ण जिंकणारे रघुबीर सिंग जयपूरच्या ६१ कॅव्हलरीचे घोडेस्वार होते. युरोपात न जाता, सैन्यात भरती होऊन ते तिथवर पोहोचले होते.

चौथी वाट स्वार होण्याची नाही, पण घोड्यांसोबत राहण्याची आहे. नालबंद, मोतद्दार, तबेला व्यवस्थापक, पशुवैद्यक. नाल ठोकायचं काम दर सहा ते आठ आठवड्यांनी प्रत्येक घोड्याला लागतं आणि ते चांगलं करणारी माणसं कमी आहेत.

ज्यांच्या घरी वरातीचा घोडा किंवा शर्यतीचं तट्टू आहे, त्यांना तर आजपासूनच सुरुवात करता येते. जमिनीवरचं सगळं काम, दोरीवर फिरवणं, शब्दावर थांबणं, पाय उचलू देणं, याला आखाडा लागत नाही. थोडं चाऱ्याचं बघायचं. साधारण ४०० किलोच्या घोड्याला दिवसाला ६ ते ८ किलो कोरडा चारा लागतो, तोही थोडा थोडा करून. घोड्याला उलटी होत नाही. त्यामुळे एकदम भरपूर खुराक दिला, बुरशी लागलेला कडबा घातला की पोटशूळ होतो आणि तो जीवावर बेततो. कोवळ्या ज्वारीच्या फुटव्यांत चरायला सोडणंही धोक्याचं.

शेवटी मुद्दा काय?

महाराष्ट्रात घोडे आहेत, बाजार आहेत, नाल ठोकणारे आणि चाल शिकवणारे जाणते हात आहेत. दुसऱ्या बाजूला नियम, पंच आणि हेल्मेट असलेला खेळ आहे. दोन्ही एकमेकांना फारसे भेटत नाहीत. सारंगखेड्याच्या रिंगमध्ये रक्त दिसलं की खेळ थांबेल असा नियम लागला, आणि शहरातल्या क्लबांनी गावाकडच्या चार पोरांना तबेल्यात जागा दिली, तर हे अंतर कमी होऊ शकतं.

तोवर एक गोष्ट प्रत्येकाच्या हातात आहे. पुढचं नाचऱ्या घोड्याचं रील आलं की शेअर करण्याआधी आवाज बंद करा आणि फक्त घोड्याकडे बघा. कान कुठे आहेत, तोंड मिटलेलं आहे का, लगामाला काटे आहेत का, पायाशी काठी घेऊन कोण उभं आहे. घोडा खुशीने नाचत असेल तर ते आवाज नसतानाही दिसतं.